स्मृतिचषकात वॉटर पोलो कुठे?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या महाविद्यालयाच्या दिवंगत जलतरणपटूच्या स्मृतिचषक स्पर्धेचे वृत्त कालच्या अंकात वाचले. व्यासपीठावरील यच्चयावत मान्यवरांची नावे पदांसह छापण्याची दक्षता आपण घेतली, त्याबद्दल आभार. परंतु ज्याच्या स्मरणार्थ हा सोहळा झाला तो वॉटर पोलो हा पोहत खेळायचा चेंडूचा सांघिक खेळही खेळत असे, याचा त्यात साधा उल्लेखही नाही. दोष एकट्या बातमीदाराचा नाही, कारण आयोजकांनीच 50 मीटरच्या शर्यती तेवढ्या उरकल्या आणि वॉटर पोलोचा सामना वेळेअभावी वगळला. भाषणांना मात्र वेळ पुरला.

तो उत्तम पोहत असे, पण खरा रंगात येई तो शर्यतींचा सराव आटोपल्यावर. तलावाकाठची प्लॅस्टिकची खुर्ची दोन्ही हातांनी डोक्यावर धरून, केवळ पायांच्या बळावर खोल पाण्यात तरंगत राहायला तो नवख्यांना लावी. गोलरक्षक वगळता या खेळात कोणालाही तळाला पाय टेकवता येत नाहीत. तेव्हा आठ-आठ मिनिटांची चार सत्रे काढायची तर दम पायांतच हवा, असे त्याचे म्हणणे. मी गोलरक्षक, म्हणून आपली सुटका होईल असे मला वाटले होते. मला एकात एक अडकवलेल्या दोन खुर्च्या मिळाल्या! परवा तशाच खुर्च्यांवर पांढरी कापडे चढवून मान्यवर विराजमान झाले होते, आणि चषक द्यायला बोलावलेली त्याची आई नाव पुकारले जाण्याची वाट पाहत मागे उभी होती. हे आपल्या बातमीदाराला दिसले नसावे.

सचिन नाग यांनी 1951 च्या दिल्लीतील पहिल्या आशियाई स्पर्धांत 100 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले, आणि वॉटर पोलोचे सुवर्ण मिळवणाऱ्या भारतीय संघातही ते होते. त्यांचे निम्मेच कर्तृत्व सांगून कोणी थांबेल काय? 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत वॉटर पोलो गोव्यातच खेळला गेला, त्यामुळे सोय नसल्याची सबबही चालणार नाही. पुढील वर्षी सात-सात खेळाडूंचे दोन संघ तरी पाण्यात उतरवावेत. कान झाकणाऱ्या आमच्या जुन्या टोप्या अजून शाबूत आहेत, त्या आम्ही देऊ.

त्याच टोपीला आपण छायाचित्राखाली ‘हेल्मेट’ म्हटले आहे, तेवढे दुरुस्त करावे. माझे मागील पत्र आपण निम्मे कापले होते. हे तरी पूर्ण छापावे, ही विनंती.

आपला,
एक माजी गोलरक्षक, फोंडा