काकू, तुम्ही आधी गवत बघायला शिकवलंत

तीर्थस्वरूप काकूंना,
साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून पत्र लिहितेय. आणि ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण इथे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या केरी आणि आसपासच्या गावांत नव्याने घर घेतलेली आपली मंडळी दर वसंतात मला विचारतात, "गवत कापायला पेट्रोलवरचा मोवर कुठला घेऊ?" मी त्यांना जे सांगते ते सगळं तुमच्याकडून आलेलं असतं. हे त्यांनाही कळायला हवं. नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

मी डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर वाढले. नॉर्थ कॅरोलिनात घर घेतलं तेव्हा पुढे-मागे मिळून जवळजवळ अर्धा एकर हिरवळ पदरात पडली आणि एप्रिल लागताच ती भराभर वाढायला लागली. दुकानात गेलो तर विक्रेता सगळी माहिती माझ्या नवऱ्याला सांगत होता, मोवर मी चालवणार आहे हे सांगूनसुद्धा. घरी येऊन तुम्हाला फोन केला आणि विचारलं, होंडा घेऊ की टोरो? तुम्ही म्हणालात, "मशीनचं मग. आधी गवत बघू."

संध्याकाळी आलात, उकिडव्या बसलात आणि एक पातं उपटून माझ्या हातात दिलंत. रुंद, वरून नखाने चाचपलं तर उभ्या रेघा लागतात. "हे टॉल फेस्क्यू. ह्याला उंच ठेवायचं, तीन ते चार इंच. बर्म्युडा असतं तर गोष्ट वेगळी, ते एक-दीड-दोन इंचावर कापतात." मग चार पावलं मागे जाऊन उतार बघितलात. मागच्या कुंपणाचं फाटक चक्क वितीने मोजलंत. गॅरेजमध्ये जागा कुठे आहे, नळ कुठे आहे, खेळायला येणारी मुलं कुठून पळतात, सगळं विचारलंत. मोवरचा विषय त्यानंतर निघाला, आणि तोवर निम्मी निवड आपोआप झाली होती.

फाटक जेमतेम अडीच फुटाचं, म्हणजे 30 इंची रुंद मोवर बाद. 21 इंची घ्यायचा. मागे उतार आहे म्हणून स्वतःहून पुढे सरकणारा, तोही मागच्या चाकांना जोर असलेला. पुढच्या चाकांवर चालणाऱ्याची कापलेल्या गवताची मागची पिशवी भरली की पुढचा भार हलका होतो आणि चाकं जागच्या जागी फिरतात, हे तुम्ही तुमच्या जुन्या मोवरवर हँडल दाबून दाखवलंत. उतारावर मोवर आडवा चालवायचा, वर-खाली नाही, म्हणजे पाय घसरला तरी मशीन अंगावर येत नाही आणि पाय त्याच्याखाली जात नाही. हे एवढं तुम्ही दोनदा सांगितलंत, आणि दुसऱ्यांदा आवाज चढवून.

बॅटरीवरच्या मोवरबद्दलही तुम्ही हातचं राखून बोलला नाहीत. पाव एकराच्या आतलं सपाट यार्ड असेल तर बॅटरीचाच घ्या, असं तुम्ही आजही सगळ्यांना सांगता. आवाज कमी, धूर नाही, ऑइल नाही. लहान पेट्रोल इंजिनं त्यांच्या आकाराच्या मानाने फार प्रदूषण करतात, म्हणूनच कॅलिफोर्नियाने 2024 पासूनच्या अशा बहुतेक नव्या इंजिनांवर बंदी आणली, हेही तुमच्याकडूनच कळलं. पण मेमधलं दाट, दमट फेस्क्यू, उतार आणि अर्धा एकर, हे एका चार्जमध्ये उरकलं नसतं. म्हणून पेट्रोलवरचा.

मग नवा की वापरलेला? वापरलेली होंडा एचआरएक्स 217 विकाऊ असल्याचं तुम्हीच शोधून काढलंत. मी बिचकले होते, कारण होंडाने अमेरिकेत मोवर बनवणं सप्टेंबर 2023 मध्ये थांबवलं. तुम्ही समजावलंत की इंजिनाचे सुटे भाग मिळतात, ती इंजिनं दुसऱ्या कंपन्यांच्या मशीनवरही आहेत, आणि हा मोवर बनला तो स्वेप्सनव्हिलचा कारखाना इथून तासाभरावर आहे, 1984 पासूनचा. ह्या भागात ती मशीनं उघडून बसणारी माणसं भरपूर आहेत. शिवाय एचआरएक्सच्या खालचं कवच पत्र्याचं नाही, जाड प्लास्टिकचं आहे. आपल्याकडच्या दमट उन्हाळ्यात ओलं गवत चिकटून पत्रा गंजतो, ह्याला ती भीती नाही.

एपेक्सला ते मशीन बघायला गेलो तो अर्धा तास मला जसाच्या तसा आठवतो, आणि नव्या मंडळींना मी तोच सांगते. विकणारे गृहस्थ बोलत होते, तुम्ही काही न बोलता इंजिनावर तळवा ठेवलात. गार. मान डोलावलीत. इंजिन आधीच गरम असेल तर समजायचं की आपण यायच्या आत कुणीतरी चालू करून ठेवलंय, आणि गार इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं हे आपल्याला दिसू नये म्हणून ठेवलंय. मग डिपस्टिक काढून रुमालाला पुसलीत, पुन्हा बुडवलीत, पातळी बघितलीत आणि नाकाशी नेलीत. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटरमधली सुई नीट बसत नाही, पेट्रोल झिरपून खाली जातंय. वास नव्हता. एअर फिल्टरचं झाकण उघडलंत. मग स्पार्क प्लगची वायर उपसून बाजूला केलीत आणि कार्ब्युरेटरची बाजू वर राहील असा मोवर कलता केलात.

पुढचं मी कुठेच वाचलं नव्हतं. कवचाच्या कडेला एका जागी बोट धरून तुम्ही पातं हाताने सावकाश फिरवलंत. पहिलं टोक बोटापासून जेवढ्या अंतरावरून गेलं, दुसरंही तेवढ्यावरूनच गेलं. अंतरात फरक असता तर एकतर पातं वाकलेलं, नाहीतर मशीन कधीतरी झाडाच्या बुंध्यावर आपटून पातं ज्यावर फिरतं तो इंजिनाचा दांडा वाकलेला. पातं बदलता येतं, दांडा वाकला की ते मशीन सोडून द्यायचं. वायर परत लावलीत, दोरी मला ओढायला दिलीत. सुरू झालं. निळसर धूर नाही. हँडलवरची दांडी सोडायला सांगितलीत आणि मोठ्याने मोजलंत, "एक, दोन, तीन." तिनाच्या आत पातं थांबलं. अमेरिकेत 1982 पासून बनलेल्या, मागे चालत ढकलायच्या प्रत्येक मोवरला हा तीन सेकंदांचा नियम आहे, आणि ती दांडी चिकटपट्टीने बांधून ठेवलेलं मशीन कुणी फुकट दिलं तरी घ्यायचं नाही, हे तुम्ही त्या गृहस्थांसमोरच सांगितलंत. पात्याचं टोक ताशी तीनशे किलोमीटरच्या वर पळत असतं. हा आकडा मी मुलांच्या आयांना आवर्जून सांगते, म्हणजे मशीन चालू असताना मुलं घरात राहतात.

पैसे देताना मात्र तुम्ही बाजूला झालात. "तुझं मशीन, तू ठरव." ह्याबद्दल वेगळे आभार. तुम्ही घासाघीस करून दिली असती तर तो मोवर तुमच्या भरवशावरचा राहिला असता.

घेतल्यानंतर सांभाळायचं कसं, ते तुम्ही एका दमात कधी सांगितलं नाहीत, हंगाम जसजसा पुढे गेला तसतसं सांगत गेलात. ऑइल दर 50 तासांनी, म्हणजे आपल्याकडे साधारण हंगामातून एकदा, अर्धा लिटरही लागत नाही. पेट्रोल 10 टक्के इथेनॉलपर्यंतचंच. पंपावर 88 लिहिलेलं जे स्वस्त मिळतं त्यात 15 टक्के असतं, ते ह्या इंजिनांत घालायचं नाही. इंजिन गरम असताना टाकीत ओतायचं नाही. गवत ओलं असेल तर थांबायचं, कारण इथली लाल माती चाकाखाली दबून चर पडतात. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही, म्हणून साडेतीन इंच ठेवायचं असेल तर पाचाच्या फार पुढे जाऊ द्यायचं नाही. मेमध्ये ह्यासाठी आठवड्यातून एकदाही कधी कधी कमी पडतं. आणि कापलेलं गवत पिशव्या भरून रस्त्यावर ठेवू नकोस, बारीक होऊन मुळाशी पडू दे, त्यातलं नायट्रोजन जमिनीलाच मिळतं. खताचा खर्च खरंच कमी झाला.

पण माझ्या मनात सगळ्यात खोल बसलंय ते त्या कार्ब्युरेटरचं. मंडळातल्या एकांचा मोवर हिवाळाभर टाकीत पेट्रोल ठेवून पडला होता आणि दुकानदाराने अख्खा कार्ब्युरेटर बदलायला सांगितला होता. तुम्ही तो तुमच्या गॅरेजमध्ये आणवलात आणि मला शेजारी बसवलंत. पेट्रोलचा कॉक बंद. खालच्या वाटीचा बोल्ट दहाच्या पान्याने सैल केलात, खाली स्टीलची ताटली धरलीत. वाटीत पेट्रोल नव्हतं, तळाला तपकिरी चिकट थर होता आणि त्याला जुन्या वॉर्निशसारखा वास येत होता. जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीकशी नळी, काढून उजेडाकडे धरलात. मधलं भोक दिसतच नव्हतं. विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार सुटी करून तुम्ही ती हळूच आत घातलीत, फवारा मारलात, पुन्हा उजेडाकडे धरलात. टाचणीच्या टोकाएवढा गोल प्रकाश दिसला. "एवढ्याशा भोकावर सगळं अडलं होतं," असं म्हणालात आणि वाटीचं रबर जपून परत बसवलंत. मोवर सुरू झाला तेव्हा त्या गृहस्थांपेक्षा मलाच जास्त आनंद झाला.

तेव्हाच मिरजेजवळच्या मळ्याचं बोललात. विहिरीवरचं किर्लोस्करचं इंजिन, हँडल मारताना वडील तुम्हाला चार हात लांब उभं करायचे, आणि ते सुरू झालं की पाटाला पाणी यायचं. भाऊ शाळेला गेले की डिझेल गाळून ओतायचं काम तुमचं. हे ऐकल्यावर तुमच्या हातांकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. ते ज्ञान तुम्ही सातासमुद्रापार घेऊन आलात आणि मागेल त्याला देऊन टाकता, त्यासाठी कुणाकडून कधी काही घेतलेलं मी पाहिलं नाही.

पाती आता मीच काढते. आधी प्लगची वायर, मग फिरू नये म्हणून लाकडाचा ठोकळा, मग पाना. कानस एकाच दिशेने मारायची, धार मूळ तिरकसपणातच ठेवायची, मग खिळ्याला अडकवून तोल बघायचा आणि जी बाजू खाली झुकेल तिलाच आणखी थोडी कानस. बोथट पात्याने गवत कापलं जात नाही, फाटतं आणि दोन दिवसांत शेंडे पांढुरके पडतात. ते आता मला रस्त्यावरून जातानाच कुणाच्याही यार्डात ओळखू येतं. हिवाळ्याआधी कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवते, म्हणजे त्या वाटीत काही उरत नाही.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत नवीन आलेल्या जोडप्याने मला बोलावलं. तिने विचारलं, कुठली कंपनी? मी आधी तिच्या यार्डात गेले. तिच्याकडे बर्म्युडा निघालं, सपाट आणि छोटंसं. ती बॅटरीचाच घेतेय.

आणि काकू, तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तेव्हा ह्या हंगामात तुमचं यार्ड मी कापणार आहे. नाही म्हणू नका, काकांना मी आधीच सांगून ठेवलंय. मोवर तुमचाच वापरीन, पाती लावायच्या आधी तुम्हाला दाखवीन. झाडाखालची सावलीतली बाजू चार इंचांवर ठेवू की सगळीकडे साडेतीन, एवढं फक्त कळवा. शनिवारी दव वाळलं की येते.

तुमची,
उतारावरच्या घरातली