व्यसनमुक्तीत जेवणाचा विचार हवा

प्रति,
संपादक,

महोदय,

व्यसनमुक्तीचा विषय निघाला की आपण संगत, घरची परिस्थिती आणि मनोनिग्रह यांवर पुष्कळ बोलतो. पण व्यसन सोडू पाहणारा माणूस पोटभर जेवतो का, हे क्वचितच विचारले जाते. हा प्रश्न उपचाराच्या केंद्रस्थानी असायला हवा.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात मॅरिलिन कॅरॉल व सहकाऱ्यांनी १९७९ साली दाखवून दिले, की उपाशी ठेवलेले उंदीर मादक द्रव्य अधिक प्रमाणात घेतात, आणि ते थेट शिरेतून मिळत असले तरीही घेतात. त्यामुळे भुकेला प्राणी केवळ पोटात काहीतरी ढकलत असावा, ही शंका उरत नाही. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठातील केनेथ कार यांच्या प्रयोगांतून कारण उलगडत गेले. आहार आठवडेच्या आठवडे आवळून वजन बरेच उतरवले, की मेंदूच्या न्यूक्लियस अकम्बन्स या भागातील पेशी डोपामिन या प्रेरणा जागवणाऱ्या रसायनाच्या संदेशाला एरवीपेक्षा जोरकस प्रतिसाद देऊ लागतात, आणि कोकेन किंवा अँफेटामिनची तेवढीच मात्रा अधिक परिणाम करते. अन्न शोधायला प्रवृत्त करणारी ही यंत्रणा मुळात जगण्यासाठी आहे. मादक द्रव्य तिच्यावर आयतेच स्वार होते.

चातुर्मासातील एखाद्या उपवासाने कोणी व्यसनी होईल, असा याचा अर्थ नव्हे. मात्र ज्याने व्यसन नुकतेच सोडले आहे, त्याची गोष्ट वेगळी. हेरॉइनची सवय मोडलेल्या उंदरांना काही काळ उपाशी ठेवताच ते पूर्वी हेरॉइन मिळवून देणारी कळ पुन्हा दाबू लागले आणि चरबीतून स्रवणारे, शरीरात पुरेसा साठा असल्याचे मेंदूला कळवणारे लेप्टिन हे संप्रेरक मेंदूत सोडल्यावर ही ओढ कमी झाली, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

उंदरांवरून माणसाचे अनुमान जपूनच काढावे, हे मान्य. तरीही १९४४-४५ मध्ये त्याच मिनेसोटा विद्यापीठात ३६ स्वयंसेवकांना अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांचे कॉफी पिणे इतके वाढले की दिवसाला नऊ कपांची मर्यादा घालावी लागली. आपल्याकडे तर भूक मारण्यासाठी तंबाखू मळणारे कष्टकरी सर्वांना ठाऊक आहेत. तीच भूक तंबाखूची पकड घट्ट करत असण्याची शक्यता कोणी ध्यानात घेत नाही.

म्हणून व्यसनमुक्ती केंद्रांनी दाखल होणाऱ्याचे वजन व खाण्याच्या वेळा आवर्जून नोंदवाव्यात, जेवण चुकवणे हा धोक्याचा इशारा मानावा, आणि सिगारेट सोडताना वजन वाढेल या धास्तीने त्याच आठवड्यात कडक डाएट सुरू करणाऱ्यांना डॉक्टरांनी वेळीच थांबवावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे