ड्रिल हातात घ्यायच्या आधी एक कागद घ्या

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या गाड्यांच्या पानावर मायलेज, टचस्क्रीन, टायर सगळं येतं पण गाडीत वायरलेस सेट बसवणाऱ्यांसाठी कधी दोन ओळी दिसल्या नाहीत, म्हणून आज मीच लिहितोय. मी हौशी रेडिओवाला, म्हणजे वायरलेसवर बोलायचा छंद असलेला. पहिला सेट बसवून घेतला तेव्हा फिटरने फ्यूज टाकला सेटजवळ, आणि वायर पत्र्याच्या भोकातून तशीच आत ओढली, भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (वायर घासू नये म्हणून बसवायची रिंग) वगैरे काही नाही, मी बाजूला उभा राहून मान डोलवत होतो. काही महिन्यांनी पत्र्याने वायर सोलली आणि बॉनेटमधून धूर. नशीब गाडी उभी होती आणि पाना हाताशी होता, बॅटरीची वायर पटकन सोडवली.

तेव्हा डोक्यात शिरलं की फ्यूज वायरसाठी असतो, म्हणून तो बॅटरीच्या अगदी जवळच पाहिजे. ५० वॅटचा व्हीएचएफ (जवळच्या अंतराचा) सेट बोलताना १० ॲम्पियरच्या आसपास खातो, १०० वॅटचा एचएफ (लांब पल्ल्याचा) २० च्या वर, त्यामुळे लायटरच्या सॉकेटमधून चालवायचा विचार सोडा, तिथे हातातला छोटा सेट चार्ज करा फार तर. वायरची जाडी पण बघा, चार मीटर लांब (जाऊन येऊन आठ) १ स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये १० ॲम्पियरला जवळपास दीड व्होल्ट वाटेतच जातो, ६ ची घेतली तर पाव व्होल्ट. निगेटिव्हचा घोळ वेगळाच. जुने लोक सांगतात तीही थेट बॅटरीला, पण हल्ली बऱ्याच गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर बसलेला असतो, त्याला चुकवून वायर लावली की गाडीला बॅटरीचा हिशोब लागत नाही, तिथे बॉडीच्या अर्थ पॉइंटलाच लावायची, मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं पण ते कोण उघडतो.

आता जागा. दिसायला छान म्हणून लोक डॅशबोर्डवर स्क्रू मारतात. एअरबॅग कुठून फुगतात ते आधी बघा ना, डॅशच्या आत असते, सीटच्या कडेला असते, काचेच्या बाजूच्या खांबात आणि छताच्या कडेला पडद्यासारखी असते, अँटेनाची केबल त्या खांबातून नेली की झालंच. आणि सेट वेल्क्रोने चिकटवणाऱ्यांना तर हात जोडतो. ताशी ५० च्या स्पीडला गाडी धडकून थांबली तर सुटलेला दीड किलोचा डबा तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा येऊन लागतो. सुटा पॅनेल असलेला सेट असेल तर मेन डबा सीटखाली बोल्टने, वारा लागेल असा, आणि पॅनेल नजरेसमोर. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी (हाय व्होल्टेजच्या) केबलच्या वाटेलाच जायचं नाही, १२ व्होल्टच्या बॅटरीशीच काम ठेवायचं.

अँटेना छताच्या मधोमध सगळ्यात चांगली, दोन मीटर बँडची (म्हणजे दोन मीटर लांबीच्या रेडिओ लहरींची) पाव वेव्ह, लहरीच्या एक चतुर्थांश लांबीची, म्हणजे साधारण अर्धा मीटर दांडी, भोक पाडायचं नसेल तर मॅग्नेट माउंट चालतं, फक्त केबल दारात चेपत नाही ना ते बघा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर सेटकडे परत येते त्याचं माप) मोजल्याशिवाय फुल पॉवर देऊ नका.

सगळं झालं की गाडी उभी ठेवून इंजिन चालू करा, एकाने पीटीटी (बोलायचं बटण) दाबायचं आणि दुसऱ्याने डॅशबोर्डच्या दिव्यांवर लक्ष ठेवायचं, सेटच्या लहरींनी गाडीचं काही बिघडतंय का ते बघायला, वेगवेगळ्या पॉवरवर. माझ्या आत्ताच्या गाडीत पीटीटी दाबलं की वायपर एकदा फिरायचा! कोॲक्स, म्हणजे अँटेनाची केबल, गाडीच्या मूळ वायरिंगला चिकटून नेली होती, लांबून फिरवली तेव्हा थांबला.

पानावर जागा असेल तर माझ्या वायरिंगचं स्केच पाठवतो, हाताने काढलंय पण समजेल.

आपला,
एक हौशी रेडिओवाला