कोलेस्टेरॉलच्या गोळीसोबत मराठीतली एक चिठ्ठीही द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : स्टॅटिन गटातील (कोलेस्टेरॉल कमी करणारी) औषधे घेणाऱ्या रुग्णांना स्नायूदुखीविषयी मराठीतून लेखी माहिती मिळण्याबाबत.

माननीय महोदय,

सादर नमस्कार.

मी ठाण्याच्या नौपाड्यात राहणारी, माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेली विज्ञान शिक्षिका आहे. रोज संध्याकाळी मासुंदा तलावाभोवती फिरून झाले की आम्ही आठ-दहा जण काठावरच्या बाकांवर बसतो, आणि साठी उलटलेल्या माणसांचे होते तसे आमचे बोलणे साखर, बीपी आणि गुडघे यांवर येते. गेल्या वर्षभरात या बाकांवर एक वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले की ते आपल्यापर्यंत पोहोचवावे असे मनाने घेतले : ‘कोलेस्टेरॉलच्या गोळीने पाय दुखायला लागले, म्हणून मीच ती बंद केली.’ यातल्या ‘मीच’ या शब्दाकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे. गोळी डॉक्टरांनी बंद केलेली नसते, बंद केल्याचे त्यांना कळवलेलेही नसते, आणि पाय खरोखर गोळीनेच दुखत होते का, हे कोणी तपासलेले नसते.

मी स्वतः त्यांच्यातलीच एक होते. तीन वर्षांपूर्वी माझे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल, १७२ निघाले. मला मधुमेह आहे आणि माझे वडील बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले, त्यामुळे डॉक्टरांनी अटॉर्व्हास्टॅटिनची २० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली, आणि तो निर्णय योग्यच होता. मात्र ‘रात्री जेवणानंतर एक’ यापलीकडे मला काही सांगण्यात आले नाही. अडीच महिन्यांनी मांड्या जड पडू लागल्या, जमिनीवर बसले की हात टेकल्याशिवाय उठता येईना, आणि ठाणे स्टेशनचा पूल चढताना मी कठडा धरू लागले. मैत्रिणीने मोबाइलवर आलेला एक मजकूर दाखवला. त्यात या गोळ्या स्नायू विरघळवतात असे ठणकावून लिहिले होते. पस्तीस वर्षे मुलांना ‘आधी पुरावा पाहा’ असे शिकवलेल्या मी त्याच रात्री गोळी बंद केली. पाच महिन्यांनी वार्षिक तपासणीत एलडीएल १८१ झाल्याचे दिसले, तेव्हा आमच्या फॅमिली डॉक्टरांनी शांतपणे सगळे विचारून घेतले आणि सीपीके व टीएसएच या दोन तपासण्या करवून घेतल्या. सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे विकर, थोडेसेच वाढलेले होते, पण टीएसएच, म्हणजे थायरॉईडचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा आकडा, १४ इतका वाढलेला होता. माझी थायरॉईड ग्रंथी मंदावली होती, आणि हा विकार एकटाच स्नायूही दुखवतो व कोलेस्टेरॉलही वाढवतो. गोळी सोडल्यावरही माझे पाय पूर्ण मोकळे झाले नव्हते, त्याचा उलगडा तेव्हा झाला. थायरॉईडचे औषध लागू पडल्यावर याच गटातले रोझुव्हास्टॅटिन ५ मिलिग्रॅम सुरू केले. ते मी आजही घेते आणि तलावाला दोन फेऱ्या मारते.

माझी हकीकत सांगितली ती यासाठी की तिच्यात दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि रुग्णाला त्या दोन्ही कळायला हव्यात. स्टॅटिनमुळे स्नायू दुखू शकतात, हे खोटे नाही. पण गोळी घेणाऱ्याचे दुखणारे प्रत्येक अंग गोळीमुळे दुखते, हेही खरे नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात स्टॅटिनची बनावट (म्हणजे औषध नसलेल्या) गोळीशी तुलना करणाऱ्या १९ चाचण्यांतील सुमारे १,२४,००० लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. खरी गोळी घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्क्यांनी स्नायूंच्या तक्रारी सांगितल्या, आणि बनावट गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्क्यांनी. पहिल्या वर्षात दर हजार माणसांमागे साधारण ११ तक्रारी गोळीमुळे अधिक झाल्या, म्हणजे त्या वर्षातल्या पंधरा तक्रारींपैकी जेमतेम एक खरोखर गोळीची होती, आणि वर्षानंतर हा फरक जवळजवळ उरला नाही. दुसऱ्या बाजूला, एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमने उतरले की हृदयविकार आणि पक्षाघात यांसारखे मोठे आघात सुमारे एक पंचमांशाने कमी होतात, हेही अशाच मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. आपल्या लोकांसाठी या दुसऱ्या आकड्याचे वजन अधिक आहे, कारण दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका इतर देशांतील माणसापेक्षा सरासरी सहा वर्षे आधी येतो, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आढळले होते.

तरीही ‘घाबरू नका, घेत राहा’ एवढे सांगून भागणार नाही, कारण त्या पंधरातल्या एकाचे दुखणे खरे असते आणि क्वचित ते गंभीरही होते. आमच्या इमारतीतले एक गृहस्थ हृदयविकाराच्या झटक्यानंतर अटॉर्व्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम घेत होते. छातीत कफ झाला म्हणून त्यांना दुसऱ्या एका दवाखान्यात क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक देण्यात आले. आधीची कोणती औषधे चालू आहेत हे तिथे कोणी विचारले नाही, आणि सांगायला हवे हे त्यांना ठाऊक नव्हते. हे प्रतिजैविक यकृतातील ज्या विकराचे काम अडवते, त्याच विकराने अटॉर्व्हास्टॅटिनचा निचरा होत असतो, त्यामुळे गोळी रक्तात साठत जाते. आठवडाभरात त्यांना अंथरुणावरून उठता येईना आणि लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली. स्नायू मोडून त्यांतले द्रव्य मूत्रपिंडात उतरत होते. वेळेत सलाइन लागले म्हणून मूत्रपिंडे वाचली. असा प्रकार फार विरळा आहे, पण टाळता येण्याजोगा होता, आणि तो टाळायला एका ओळीची सूचना पुरली असती. बुरशीवरची काही औषधे, मूत्रपिंड किंवा यकृत यांचे आजार, उतारवय, कृश अंगकाठी, जास्त मद्यपान आणि गोळीची मोठी मात्रा यांनीही धोका वाढतो. मात्रेविषयी आणखी एक बाब : अमेरिकेतील औषध नियंत्रकांनी मान्य केलेल्या माहितीपत्रकात आशियाई वंशाच्या रुग्णांना रोझुव्हास्टॅटिन ५ मिलिग्रॅमपासून सुरू करावे असे सांगितले आहे, कारण तेवढ्याच मात्रेत त्यांच्या रक्तातील औषधाचे प्रमाण साधारण दुप्पट आढळले. आपल्याकडे पहिल्याच दिवशी २० मिलिग्रॅम सुरू झालेली माणसे मला याच बाकांवर भेटतात.

महोदय, आता ज्या गोष्टीने मी हे पत्र लिहायला खऱ्या अर्थाने प्रवृत्त झाले, ती सांगते. आपल्याकडे स्टॅटिन बहुधा एकटी येत नाही. अटॉर्व्हास्टॅटिन किंवा रोझुव्हास्टॅटिनसोबत ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ही गुठळी होऊ न देणारी औषधे, एक किंवा दोन्हीही, एकाच कॅप्सुलमध्ये सर्रास दिली जातात. गोळ्यांची संख्या कमी होते आणि ते सोयीचेही आहे. पण ज्याला ही कॅप्सुल ‘कोलेस्टेरॉलची गोळी’ म्हणूनच माहीत आहे, तो पाय दुखले की तीच बंद करतो, आणि तिच्यासोबत स्टेंटमध्ये (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीत) गुठळी होऊ न देणारे औषधही त्याच दिवशी थांबते. अँजिओप्लास्टीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हे जीवघेणे ठरू शकते. कळव्याहून येणाऱ्या आमच्यातल्या एका भाऊंनी स्टेंट बसवल्यानंतर चौथ्या महिन्यात हेच केले होते. मी त्यांची रिकामी स्ट्रिप वाचून पाहिली तेव्हा माझे हातपाय गार पडले, आणि त्यांना तसेच रिक्षात घालून त्यांच्या डॉक्टरांकडे नेले. स्ट्रिपवरचा मजकूर इंग्रजीत होता, अक्षर मुंगीएवढे होते, आणि केमिस्टने दहातल्या सहा गोळ्या कापून दिल्यामुळे घटकांची अर्धी नावे दुकानातच राहिली होती. त्या माणसाने यातून काय समजून घ्यायचे होते?

माहिती दिली तर लोक अधिक घाबरतील, असा आक्षेप माझ्याशी बोलताना एका तरुण डॉक्टरांनी घेतला. तो गैरलागू नाही, म्हणून मी त्यावर बरेच दिवस विचार केला. लंडनमध्ये झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, त्रास झाल्यामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना बारा महिने आळीपाळीने खरी गोळी, बनावट गोळी आणि रिकामी बाटली देण्यात आली. गोळी नसलेल्या महिन्यांत त्यांच्या त्रासाचा गुणांक शंभरपैकी सरासरी ८ होता, बनावट गोळीच्या महिन्यांत १५.४ आणि खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३. म्हणजे त्रास खोटा नव्हता, तो त्यांना खरोखर होत होता, पण गोळीच्या महिन्यांत वाढलेल्या त्रासाचा सुमारे नव्वद टक्के भाग गोळी घेतल्याच्या जाणिवेतून येत होता. यावरून ‘तर मग सांगूच नका’ असा निष्कर्ष कोणी काढेल, पण मला तो पटत नाही. भीती आमच्यापर्यंत आधीच पोहोचलेली आहे. ती मोबाइलवरून, शेजाऱ्याकडून आणि बाकावरच्या गप्पांतून येते, आणि सोबत एकही आकडा आणत नाही. शिवाय त्याच चाचणीतील साठांपैकी निम्म्या जणांनी, स्वतःचे निकाल समोर ठेवून समजावल्यावर, गोळी पुन्हा सुरू केली होती. प्रामाणिकपणे, प्रमाणात आणि रुग्णाच्या भाषेत सांगितले तर माणसे ऐकतात. हे मी वर्गातही पाहिले आहे आणि बाकावरही.

म्हणून माझी विनंती अशी आहे की आपल्या विभागाच्या रुग्णालयांत, ‘आपला दवाखाना’ योजनेच्या दवाखान्यांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तसेच आपल्या सूचनेने ठाणे व नवी मुंबई महापालिकांच्या दवाखान्यांतही, स्टॅटिन असलेली कोणतीही गोळी पहिल्यांदा देताना मोठ्या अक्षरांतली मराठी चिठ्ठी द्यावी आणि ती वाचून दाखवावी. औषध दुकाने अन्न व औषध प्रशासनाच्या अखत्यारीत येतात हे मी जाणते. पण रुग्णाला औषधाची माहिती देणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम आहे असे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांतच म्हटले आहे, तेव्हा हीच चिठ्ठी दुकानांतूनही मिळावी यासाठी आपण संबंधित मंत्रिमहोदयांशी बोलावे. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार निःशुल्क झाले, त्याचा लाभ माझ्या ओळखीच्या अनेकांनी घेतला आहे. स्नायूदुखीची तक्रार घेऊन येणाऱ्या स्टॅटिनच्या रुग्णाची सीपीके आणि टीएसएच तपासणी तिथे आवर्जून व्हावी, त्याला ‘वयामुळे होते’ असे सांगून परत पाठवले जाऊ नये.

तक्रारीची नोंद हाही यातलाच भाग आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचे केंद्र गाझियाबादला आहे, त्याचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे आणि रुग्णाने स्वतः भरायचा अर्ज मराठीतही आहे. आमच्या बाकांवर मी विचारले, तेव्हा एकालाही हे माहीत नव्हते, आणि माझ्या इमारतीतल्या त्या गृहस्थांच्या बाबतीतही असा अर्ज कोणी भरला नाही. सेरिव्हास्टॅटिन नावाची याच गटातली एक गोळी २००१ मध्ये जगभरातून मागे घेण्यात आली, कारण तिच्यामुळे स्नायू मोडून मृत्यू झाल्याच्या नोंदी ठिकठिकाणांहून जमा झाल्या होत्या. कोणीतरी कुठेतरी कागद भरला, म्हणून ते उघडकीला आले. तो क्रमांक चिठ्ठीच्या तळाशी छापावा.

चिठ्ठीचा मसुदा मी माझ्या परीने करून पाहिला आहे :

‘ही गोळी रक्तातले कोलेस्टेरॉल कमी करते आणि हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका कमी करते. बहुतेकांना तिचा त्रास होत नाही. ही गोळी घेताना अंग दुखले, तर बहुतेक वेळा कारण दुसरेच असते. तरीही दोन्ही मांड्या, पोटऱ्या किंवा खांदे नव्याने दुखू लागले, तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आठवडाभरात दवाखान्यात या, आम्ही रक्त तपासू. दुखणे असह्य असेल, हातापायांतली ताकद गेली असेल किंवा लघवी काळ्या चहासारखी होत असेल, तर पुढची गोळी घेण्याआधी, त्याच दिवशी रुग्णालयात या. दुसरे कोणतेही औषध सुरू होताना ही चिठ्ठी दाखवा. तुमच्या गोळीत रक्ताची गुठळी होऊ न देणारे औषधही आहे : होय / नाही.’

शेवटच्या ओळीतल्या ‘होय’ किंवा ‘नाही’वर औषध देणाऱ्याने पेनाने खूण करायची आहे. हा मसुदा मी बाकावर वाचून दाखवला. आधी त्यात ‘सीपीके’ असा शब्द होता. राबोडीच्या एका आजींनी ‘म्हणजे काय गं?’ असे विचारल्यावर तो काढून ‘रक्त तपासू’ असे लिहिले. कळव्याच्या भाऊंनी फक्त अक्षर मोठे ठेवायला सांगितले. आपल्या विभागातील औषधतज्ज्ञांनी तो तपासावा आणि त्यात लागेल ती दुरुस्ती करावी. आपण किंवा आपले अधिकारी वेळ देणार असतील, तर मी मंत्रालयात यायला तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
नौपाडा, ठाणे