आईच्या टाचेचं ऑपरेशन मी रद्द केलंय

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा तुम्ही फोन आईकडे देता आणि आई "जेवलीस का" विचारून दुसरंच काढती, म्हणून सगळं लिहून पाठवतीये. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

आधी मुद्द्याचं. आईच्या टाचेच्या ऑपरेशनची जी तारीख मिळाली होती ती मी कॅन्सल केलीये, दवाखान्यात कळवून झालंय. बाबा, चिडू नका. तुम्ही केवढी धावपळ केली, रिक्षाने नेलं-आणलं, एक्स-रे काढला, मामांच्या ओळखीने नंबर लावला, ते सगळं आईचे हाल बघवत नव्हते म्हणून, हे मला कळतं आणि त्यातलं काही वाया गेलेलं नाही, तुम्ही पाठवलेला एक्स-रे हातात होता म्हणूनच इथं पुण्यात दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवता आला. ते म्हणाले सहा महिने ते वर्षभर बाकीचे उपाय नीट करून बघायचे, तरी फरक नाहीच पडला तर मग ऑपरेशनचा विचार. दहापैकी आठ-नऊ जणांचं तोवर ऑपरेशनशिवाय बरं होतं. आणि आईचे उपाय म्हणजे काय झालेत आजवर, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या आणि रुईचं पान, बस्स.

आई, आता तुझ्यासाठी. "हाड वाढलंय" ऐकल्यापासून तू जी धास्ती घेतलीयेस ना ती सोड. एक्स-रेत टाचेखाली जो काटा दिसतो तसा काटा कितीतरी लोकांच्या पायात असतो आणि त्यांना काही दुखत पण नाही. दुखतं ते बहुतेक वेळा तळव्यातला जाड पट्टा, टाचेपासून बोटांपर्यंत जातो तो, प्लांटर फॅशिया म्हणतात त्याला, तो टाचेला जिथं चिकटतो तिथं. रात्रभर तो आखडून बसतो आणि सकाळी पहिलं पाऊल टाकलं की एकदम ताणला जातो, म्हणून तू भिंत धरून मोरीपर्यंत जातीस आणि चार पावलं चाललीस की जरा मोकळं वाटतं. कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालत दिवसच्या दिवस उभी राहिलीस, घरी आलं की परत शहाबादी फरशीवर अनवाणी ओट्याशी, एवढी वर्षं पायांनी सोसलं ते आता बोलायलेत. म्हणून त्या पट्ट्याला मोकळं करायचं आणि टाचेखाली मऊ काहीतरी द्यायचं, मुख्य औषध हेच.

सकाळी डोळे उघडले की लगेच उठायचं नाही. गादीवरच पाय लांब करून बस, आपला टॉवेल पंजाखालून घाल, दोन्ही टोकं धरून पंजा आपल्याकडं ओढ, गुडघा सरळ, अर्धा मिनिट धर आणि सोड, असं तीनदा. मग पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन हाताने बोटं मागं ओढ, दहा आकडे मोज, असं दहा वेळा, आणि मगच पाय खाली, तोही चपलेत. दुपारी भिंतीला हात टेकून एक पाय मागं, टाच जमिनीवरून उचलायची नाही, पोटरी ताणलेली कळली पाहिजे. संध्याकाळी बाटलीत पाणी भरून फ्रीजरमध्ये गोठवलेली ठेवायची आणि खुर्चीत बसून तळव्याखाली लाटण्यासारखी फिरवायची, दहा-पंधरा मिनिटं, फडक्यात गुंडाळून. रोज. दोन दिवस करून "काही फरक नाही गं" म्हणायचं नाही, याला काही आठवडे लागतात, कधी महिने, पण पडतो फरक.

रुईचं पान आणि भाजलेली वीट बंद. त्या काकू बिब्बा लावायला सांगतायत तर मुळीच नाही, कातडी जळते त्यानं, आणि रुईचा चीक चुकून डोळ्यात गेला तर दुसरंच दुखणं. काटा विरघळवणारी म्हणून कुणी पुडी देईल तर तीही नको, असं काही विरघळत नसतं.

बाबा, गोळ्यांचं तुमच्याकडं. आईला बीपी आहे, दुखण्याच्या त्या गोळ्या रोज घेतल्या की बीपी वाढतं, किडनीला पण त्रास, त्यात ती उपाशीपोटी घेती. डॉक्टरांनी लिहून दिली तरच. टाचेत देतात त्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनचं पण विचारलं मी, काही आठवडे आराम पडतो पण परत परत घेतलं की टाचेखालची चरबीची गादी पातळ होते, कधी तो पट्टाच तुटू शकतो, म्हणून आत्ता नको. आणि पाय सुजला, बधीर झाला, झोपेतसुद्धा ठणकायला लागला तर वाट बघायची नाही, मला फोन आणि त्याच दिवशी दवाखाना.

भांड्यांना आणि फरशीला मावशी ठरवल्यात, सोमवारपासून येतील, पैसे मी देणार, यावर चर्चा नाही. फिजिओथेरपीवाल्या ताई पण घरी येऊन एकदा सगळे व्यायाम करून घेतील. ओट्याजवळ उंच स्टूल आणि खाली जाड रबरी मॅट येईल, भाकऱ्या बसून थापता येतात आई, तुझ्या कडक भाकरीत काही कमी होणार नाही. घरातली चप्पल वेगळी राहील, रस्त्यावर कधीच जाणार नाही, त्यामुळं स्वयंपाकघरात विटाळ वगैरे काही नाही, देवापुढं बसताना काढ हवी तर.

परीक्षेच्या दिवसांत माझे तळपाय गरम व्हायचे म्हणून तू काशाच्या वाटीला तूप लावून चोळायचीस, मी पुस्तक उघडं टाकून झोपून जायची तरी तू चोळतच बसायचीस. ती वाटी असेलच की कपाटात. बाबा, आता ते काम तुम्ही करायचं, हलक्या हाताने, रोज रात्री. आई लाजेल, नको नको म्हणेल, ऐकू नका.

एक राहिलं आणि ते मी घाबरत लिहितीये. यंदा आपल्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मागं अडुसष्ट लिंगांना अनवाणी जायचं नाही. तुझा नेम आहे, आजीपासून चालत आलाय, मी तो मोडा म्हणत नाहीये. अक्षता सोहळ्याला आपण दोघी संमती कट्ट्याकडं जाऊ, लवकर जाऊन बसायला जागा धरू, आणि लिंगांचं दर्शन पाय बरा झाला की श्रावणात सवडीनं रिक्षाने करू, मी रजा टाकते. सिद्धरामेश्वर तुझ्यावर रागावणार नाहीत गं.

शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसने येतीये, रात्री पोचेन, बाबा स्टेशनवर यायची गरज नाही. जेवण झाकून ठेव पण माझ्यासाठी शेंगा कुटत उभी राहू नकोस. आणि आज आठवणीने कागदावर आईचे दोन्ही पाय ठेवून पेनाने कडा काढा, बाजूला सेंटीमीटरमध्ये लांबी लिहा आणि फोटो पाठवा, एमसीआरच्या, म्हणजे मऊ रबराच्या, चपला इथून घेऊन येते, डावा पाय जरा मोठा आहे तिचा, दोन्हींचं माप पाहिजे.

तुमची,
छोटी