आप्पा, तुम्ही सुकवलेलं रजिस्टर

तीर्थस्वरूप आप्पा,

सा. न. वि. वि.

पोर्तुगालचा व्हिसा आला. मामाने तुम्हाला सांगितलं असेलच, पण फोनवर आभार मानून माझं समाधान झालं नाही. शिवाय दापोली-गुहागरकडची माणसं आता दुबई-मस्कतच्या पलीकडे युरोपातही जाऊ लागली आहेत. त्यांच्या घरीही हेच कागद जमवणं चालू आहे. त्यांनीही वाचावं म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आमचे हे लिस्बनला हॉटेलच्या किचनमध्ये कामाला आहेत. त्यांचा राहण्याचा परवाना झाला, की मी आणि मुलगी मागोमाग जाणार, असं ठरलेलं. पण पोर्तुगालमध्ये परदेशी लोकांचे परवाने देणारी जुनी संस्था २९ ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली आणि तिच्या जागी आलेल्या नव्या संस्थेच्या पदरात पहिल्याच दिवसापासून लाखो प्रलंबित अर्ज पडले. कुटुंबाला बोलावण्यासाठी आधी तिथली अपॉइंटमेंट लागायची आणि तीच मिळेना. हे रात्री कामावरून आले की मोबाइल घेऊन बसायचे. इकडे मुलगी विचारायची, शाळेत पुढच्या वर्षीची वह्या-पुस्तकं घ्यायची की नाही. काय सांगणार?

वाट बघणं मी सोसलं असतं. त्रास होता तो कागद शिळे होण्याचा. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, आपण पीसीसी म्हणतो तो, ठराविक मुदतीपेक्षा जुना चालत नाही. तो काढून ठेवावा तर अपॉइंटमेंट येईपर्यंत मुदत संपते, न काढावा तर ऐनवेळी धावपळ. आणि या सगळ्याच्या मुळाशी जो कागद हवा, तो माझा जन्मदाखला, तोच कुठे सापडत नव्हता. आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत १९८८ ची नोंद नाही. मग जो तो वेगळं सांगू लागला. कुणी म्हणालं, नोंद नसल्याचा दाखला घ्या आणि उशिरा नोंदणीचा अर्ज करा. त्यासाठी आता प्रांत किंवा तहसीलदारांपर्यंत जावं लागतं, चौकशी होते, त्यात किती महिने जातील याचा नेम नाही. एका एजंटाने तर रक्कमच सांगितली. ती ऐकून मी घरी येऊन रडले.

तेव्हा मामाने त्याच्या गावच्या निवृत्त ग्रामसेवकांना, म्हणजे तुम्हाला, फोन लावून दिला. मी सगळी कहाणी सांगत होते आणि तुम्ही मध्येच विचारलंत, "तू आईची पहिलीच ना गो? मग दाखला तिच्या सासरच्या गावात कशाला शोधतेस? पहिलं बाळंतपण माहेरी." एवढंच. जन्म जिथे झाला तिथेच नोंद होते हा कायदा, आणि पहिली खेप माहेरी ही आपली रीत. या दोन गोष्टी इतक्या जणांपैकी एकानेही जोडून पाहिल्या नव्हत्या. आईला जाऊन बरीच वर्षं झाली, नाहीतर तिने सांगितलं असतं.

दुसऱ्याच दिवशी आईच्या माहेरी यायला मी धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरले. तुम्ही निवृत्त झालेले, तरी नव्या ग्रामसेवकांना सांगून ऑफिसात येऊन बसला होतात. लोखंडी कपाटातून तुम्ही ते रजिस्टर काढलंत. पानं फुगलेली, कडा तपकिरी, शाई जागोजागी निळसर पसरलेली, आणि दर चार-पाच पानांमागे वर्तमानपत्राचा एक कपटा. मी विचारलं, हे काय. तेव्हा समजलं, ३ जून २०२० ला निसर्ग वादळात ऑफिसचे पत्रे उडाले, कपाटात पाणी शिरलं, तेव्हा तुम्ही ही सगळी रजिस्टरं घरी नेलीत. गावात कितीतरी दिवस वीज नव्हती, स्वतःच्या घरावरची कौलं गेलेली, बाग आडवी झालेली. आणि तुम्ही आणि काकू पडवीत बसून एकेक पान सोडवत होतात, मध्ये कागद घालून वाळवत होतात. वरून कुणी सांगितलं नव्हतं. "माणसांचे जन्म आहेत ते, असे कसे टाकायचे," असं तुम्ही म्हणालात आणि पान उलटलंत.

माझी नोंद तिथेच होती. आप्पा, माझं काम तुम्ही २०२० मध्येच करून ठेवलं होतं, मला ओळखतही नव्हतात तेव्हा.

नोंद सापडली तरी नावाचा रकाना कोरा होता, नुसतं 'मुलगी'. बाबांचं नावही हाकेचं लिहिलेलं. पण तारीख शाळेच्या दाखल्याशी जुळत होती हे नशीब. आपल्याकडे कित्येकांच्या दाखल्यावर गुरुजींनी १ जून टाकलेला असतो, त्यांचे हाल मी पाहिले आहेत. पुढची वाट तुम्ही तिथेच कागदावर लिहून दिलीत. आधी नाव घालून घ्यायचं. मग बाबांच्या नावाची दुरुस्ती, त्यासाठी प्रतिज्ञापत्र आणि माहितीतल्या दोन माणसांची निवेदनं, मामा आणि शेजारच्या काकींची. मग नवा दाखला, मग मंत्रालयात प्रमाणित करून परराष्ट्र खात्याचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारा शिक्का, मग पोर्तुगीज भाषांतर. आणि पीसीसी सगळ्यात शेवटी, तारीख हातात आल्यावरच. जे शिळं होत नाही ते आधी करायचं. हा क्रम मला कुठल्याही वेबसाइटवर मिळाला नव्हता. अपॉइंटमेंट अचानक आली तेव्हा आमच्याकडे फक्त पीसीसी बाकी होती, म्हणून आम्ही त्या तारखेला पोचू शकलो.

यात तुम्ही कुणाला भीड घातली नाहीत, ओळख वापरली नाहीत. सरकारी फीची पावती माझ्या हातात दिलीत आणि आणलेलं पाकीट न उघडता परत केलंत. जे होणार नव्हतं ते होणार नाही म्हणून तोंडावर सांगितलंत, याचंही मोल मला फार वाटतं. त्या दिवसांत गोड बोलणारे खूप भेटले होते.

अजून सगळं झालेलं नाही. हा व्हिसा चार महिन्यांचा. राहण्याचं कार्ड तिकडे गेल्यावर मिळायचं आहे, त्यासाठीही थांबावं लागेल. पण या वेळी चौघे आहोत असं मी यांना म्हटलं. तिघे आम्ही आणि चौथी तुम्ही लिहून दिलेली चिठ्ठी. तिची झेरॉक्स पासपोर्टच्या पिशवीत आहे.

एक विनंती आहे. ती रजिस्टरं आणखी एका वादळात टिकणार नाहीत. गावच्या मुंबईकर मंडळींशी मी आणि मामा बोललो आहोत. सगळी पानं स्कॅन करायला आणि दमट न होणारं कपाट घ्यायला वर्गणी जमते आहे. नव्या ग्रामसेवकांनी येत्या ग्रामसभेत विषय घेतो म्हटलंय. कुठलं रजिस्टर कुठल्या वाडीचं, कुठली पानं मागेपुढे झाली आहेत, हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. तुम्ही त्या सभेला या. मामा गाडी घेऊन येईल. काकूंनाही आणा.

तुमच्या गावची भाची