किल्टचं काम झालं एकदाचं

एडिनबरा

प्रिय आत्या,
सा. न. वि. वि.

त्या दिवशी फोनवर किल्टचं, म्हणजे इथल्या स्कॉटिश पुरुषांच्या त्या चुण्यांच्या लोकरी घागऱ्यासारख्या पोशाखाचं, सांगायला लागलो आणि आई मधेच "लग्नात पोरगं घागरा घालून जाणार" म्हणून जी हसत सुटली की पुढचं राहूनच गेलं. तुला मात्र सगळं सांगायलाच पाहिजे, घरात शिवणातलं कळणारी तू एकटी, बाकीच्यांना फक्त फोटो पाहिजेत.

ऑफिसमधल्या मित्राचं लग्न आहे पिटलॉक्री नावाच्या गावी, आणि त्याच्या बाजूने उभे राहणाऱ्या आम्ही सगळ्यांनी किल्ट घालायची असं ठरलंय. इथे भाड्याने मिळते, जॅकेट-बूट-मोजे सगळं धरून, पण त्याच्या काकांची एक हाताने शिवलेली नुसती कपाटात पडून होती ती त्याने मला आणून दिली. माल एकदम अस्सल गं, जाड लोकर, उचलली की हाताला वजन कळतं. पण काका दणकट माणूस, कंबर ३८ ची, माझी ३४ भरली, आणि लांबीही दीड इंच जास्त, गुडघा पूर्ण झाकला जायचा. ते चालत नाही, गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत किंवा त्याच्याही जरा वर संपली पाहिजे.

आधी घराजवळ पँटी कमी करून देतात तिथे दाखवली. तिथला शिंपी म्हणाला, खालून कापतो, दुमडून मशीन मारतो, उद्या घेऊन जा. मित्राला सांगितलं तर तो जवळजवळ ओरडलाच. कारण किल्टला खाली दुमड नसतेच, तो कापडाचा मूळ काठ असतो, विणतानाच आलेला, आणि तसाच सोडतात म्हणून मागचा घोळ चालताना मोकळा हलतो. काठ कापून दुमड घातली की प्लेट्स, म्हणजे चुण्या, खाली जाड होतात, नीट बसत नाहीत. नाचाच्या शाळेतल्या पोरींच्या किल्टला मुद्दाम दुमड ठेवतात, पोरगी वाढली की सोडायला, ते वेगळं.

मग त्यानेच एका किल्टमेकर बाईंकडे नेलं. साठीच्या आसपासच्या असतील, वरच्या मजल्यावर एक खोली, मोठं टेबल, वजनदार इस्त्री. मी जीन्सचं माप सांगायला लागलो तर ऐकूनच घेतलं नाही त्यांनी, टेप लावला तो बेंबीच्या वर, कारण किल्ट तिथे बांधतात, नेहमीच्या पँटीपेक्षा बरीच वर. मग पार्श्वभागाचं माप, आणि शेवटी मला गुडघ्यावर बसवून खालची कडा जमिनीपासून किती येते ते बघितलं.

आता खरी गंमत ऐक. पूर्ण किल्टला आठ वार कापड लागतं, म्हणजे तुझ्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी, आणि त्यातलं बरंचसं मागे प्लेट्समध्ये जातं. पुढे दोन सपाट पल्ले एकावर एक, मागे प्लेट्स, कमरेचा घेर साधारण निम्मा-निम्मा. कापड डबल पन्ह्याचं येतं तर चारच वार घेतात, लांबीत मधून फाडतात आणि दोन तुकडे जोडतात, आणि तो जोड एका प्लेटच्या आत असा दडवतात की शोधूनही सापडत नाही, मला बाईंनी बोट लावून दाखवला तेव्हा दिसला. प्लेट्स कमरेपासून पार्श्वभागापर्यंत हाताने शिवलेल्या असतात, वर अरुंद खाली रुंद अशा निमुळत्या, आणि तिथून खाली मोकळ्या. सगळ्यात भारी म्हणजे प्लेट्स अशा मोजून घातलेल्या की मागून बघितलं तरी टार्टनच्या, म्हणजे किल्टच्या त्या रंगीत चौकटींच्या कापडाच्या, चौकड्या अखंड दिसतात, जशा पुढच्या पल्ल्यावर आहेत तशाच. फौजेच्या किल्टमध्ये वेगळं करतात, प्रत्येक प्लेटवर एकच उभी रेघ आणतात.

आता यात चार इंच कमी करायचे तर कसे करशील? मला वाटलं पट्टे सरकवले की झालं. डावीकडे एक पट्टा असतो, तो कमरेच्या एका फटीतून बाहेर येतो, उजवीकडे दोन. त्या म्हणाल्या, पट्टे सरकवून एक-दोन इंच निघतात, आणि तेही दोन्ही बाजूंनी सारखेच सरकवायचे नाहीतर पुढचा पल्ला वाकडा बसतो. चारही इंच असेच काढले तर पल्ल्याची झालर असलेली कड उजव्या बगलेवरून थेट मागे जाईल आणि प्लेट्स एकमेकींवर चढतील. म्हणून दोन इंच पट्ट्यांनी, दोन इंच प्लेट्समधून. चोवीस प्लेट्स, म्हणजे एकीतून जेमतेम दोन मिलिमीटर. दोन मिलिमीटर आत्या! चौकड्या हलल्याचं डोळ्याला कळतसुद्धा नाही.

त्यासाठी अस्तर उसवलं, आतला कॅनव्हास काढला, कमरपट्टी काढली. सगळं सुटलंच होतं तर लांबीही वरूनच कमी केली, खालच्या काठाला हात नाही. मी मधे एकदा गेलो तेव्हा सगळ्या प्लेट्स पांढऱ्या कच्च्या दोऱ्याने तळापर्यंत टाचून ठेवल्या होत्या, ओलं फडकं टाकून इस्त्रीचा दाब चालला होता, आणि आतल्या बाजूला पहिल्या शिवणाऱ्याच्या खडूच्या खुणा अजून होत्या. बाई म्हणाल्या, इथे पूर्वी कुणीतरी अर्धा इंच सोडलाय, काका लग्नानंतर सुटले असणार. कापड आतच असतं ना, म्हणून वाढतेही आणि कमीही होते. बिल किती झालं ते रुपयांत सांगणार नाही, आई फोन करेल. नवी हाताची पाचशे पौंडांच्या पुढे जाते एवढं लक्षात ठेव.

त्या बाई गप्पिष्ट. १७४६ मध्ये ब्रिटिश सरकारने हा पोशाख कायद्याने बंद केला होता, फौजेतले सोडून, बंदी उठली १७८२ ला, हे टाके घालता घालता असं सांगितलं की जणू शेजारच्या गल्लीतलं भांडण. पप्पांना सांग, २६ जानेवारीच्या परेडला आपल्या पलटणींचे जे बॅगपाइप वाजतात तेच लग्नात पण आहेत, दारातच वाजवणारा उभा असतो.

आपल्या काकांचा प्रश्न आईने कळवला, आत काय घालतात. घालतात. थंडी आहे इथे.

आता घालून बघितली तर अशी बसली की पाठ आपोआप ताठ होते. पिन फक्त वरच्या पल्ल्याला लावायची, दोन्हीतून घातली तर कापड ओढलं जाऊन फाटतं, तेवढी ताकीद मिळालीय.

एक काम आहे तुझ्याकडे. लोकरीला कसर लागते म्हणून बाईंनी देवदारासारख्या लाकडाचे तुकडे ठेवायला सांगितलेत, पण तू शालूत वेखंडाची पुरचुंडी ठेवतेस ती लोकरीला चालेल का? चालत असेल तर दादा येतोय त्याच्या बॅगेत थोडं वेखंड दे, पण नीट बांधून, मागच्या वेळी मेतकुटाची पिशवी फुटली होती.

तुझा भाचा